बेसबॉलचा हॉल ऑफ फेम: कारकीर्द खेळाडूची, निकाल पत्रकारांचा

जानेवारी २०२५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या निवडणुकीत जपानी खेळाडू इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. अमेरिकेत आणि जपानमध्ये पुढचे कित्येक दिवस एकच प्रश्न चघळला गेला: तो एक कोण? स्वतः इचिरोने त्या मतदाराला घरी बोलावून सोबत एक पेला घ्यायची इच्छा बोलून दाखवली. वर्षभराने, जानेवारी २०२६ मध्ये, कार्लोस बेल्ट्रान आणि अँड्रू जोन्स निवडून आले. यातला जोन्स २०१८ मध्ये पहिल्यांदा यादीत आला तेव्हा त्याला जेमतेम ७.३ टक्के मतं होती, आता ७८.४. मधल्या आठ वर्षांत तो एकही चेंडू खेळला नव्हता.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात ज्यांची मुलं लिटल लीग खेळतात, त्या मराठी आईबाबांनाही हे कोडं पडतं. निवृत्त माणसाची मतं वाढतात कशी? आणि ही मतं देतात कोण? उत्तर असं की बेसबॉल कव्हर करणारे पत्रकार देतात. खेळाडू नाहीत, प्रेक्षक नाहीत, लीगचे अधिकारीही नाहीत.

आधी तीन संस्था वेगळ्या करू

मेजर लीग बेसबॉल ही ३० संघांची व्यावसायिक लीग. तिचे अमेरिकन आणि नॅशनल असे दोन भाग, त्यांनाही लीगच म्हणतात. हॉल ऑफ फेम हे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावातलं संग्रहालय. ते १९३९ मध्ये उघडलं, ना-नफा संस्था ते चालवते आणि ते लीगच्या मालकीचं नाही. निवड झालेल्या प्रत्येकाचा ब्राँझचा फलक तिथल्या भिंतीवर कायमचा लागतो. तिसरी संस्था म्हणजे बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका. इथून पुढे तिला नुसतं 'संघटना' म्हणू.

थोडक्यात, कार्य लीगचं, मांडव संग्रहालयाचा आणि अक्षता टाकणारे पत्रकार. मतदानाचे नियम संग्रहालय ठरवतं, मतं संघटनेचे सदस्य देतात. बहुतेक भांडणांचं मूळ या विभागणीतच आहे, कारण राग निघतो पत्रकारांवर आणि ज्या नियमावर राग असतो तो बऱ्याचदा त्यांनी केलेलाच नसतो.

पण पत्रकारच का?

आपल्याकडे अर्जुन पुरस्कार सरकारी निवड समिती ठरवते, त्यामुळे हे विचित्र वाटणं साहजिक आहे. कारण जुनं आहे. १९३६ मध्ये पहिलं मतदान झालं तेव्हा टीव्ही नव्हता. एका लीगचा खेळाडू दुसऱ्या लीगच्या खेळाडूला क्वचितच खेळताना बघायचा. सगळ्यांना वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेली आणि लिहून ठेवलेली एकच जमात होती, ती म्हणजे संघांबरोबर रेल्वेने फिरणारे वार्ताहर.

बेसबॉलचा जमाखर्च लिहायची पद्धतही पत्रकाराचीच. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा माणूस. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर', म्हणजे सामन्याचा आकड्यांतला तक्ता, रूढ केला. आजही धावफलकावर 'के' हे अक्षर दिसतं (फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद) ते त्याच्याच पद्धतीतून आलेलं. १९३८ मध्ये त्याची हॉलमध्ये निवड झाली.

संघटना मात्र मतदानासाठी निघालेली नव्हती. १९०८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाची अंतिम मालिका) वार्ताहरांना बसायला धड जागा मिळाली नाही. काहींना शिडीने छपरावर चढून पावसापाण्यात लिहावं लागलं. त्या वैतागातून संघटना उभी राहिली. मागणी साधी होती: बसायला जागा आणि आत जायला पास. मताचा अधिकार २८ वर्षांनी पदरात पडला.

एका संघाची बीट सांभाळणारा पत्रकार आजही किती बघतो, हे समजून घेतलं तर या मताचं वजन कळतं. मोसमात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या आणि ८१ परक्या मैदानावर. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून सराव शिबिर. संध्याकाळी सातचा सामना असला तर तो दुपारीच मैदानावर पोचतो, खेळाडूंच्या खोलीत जातो, प्रशिक्षकाची रोजची बैठक ऐकतो. सामना चालू असतानाच बातमी अर्धीअधिक लिहून ठेवावी लागते आणि शेवटच्या डावात निकाल फिरला की वरचे दोन परिच्छेद पुसून नव्याने लिहावे लागतात. नंतर पुन्हा खाली, पुन्हा प्रश्न, पुन्हा बातमी. दिवसाआड नाही, जवळजवळ रोज. या कामात लग्नकार्यं हुकतात, मुलांचे वाढदिवस हुकतात, आणि वर्तमानपत्रांची अवस्था बिकट झाल्यापासून नोकरीही भरवशाची राहिलेली नाही.

मताचा अधिकार मिळवायला पत्रकाराला काय करावं लागतं?

संघटनेचा सदस्य म्हणून सलग दहा वर्षं काढावी लागतात. सदस्यत्व मिळतं ते बेसबॉल नियमित कव्हर करणाऱ्यांना. फक्त वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांना दार उघडलं ते २००७ च्या डिसेंबरात. रेडिओ-टीव्हीवरच्या समालोचकांना मत नाही.

या शेवटच्या वाक्याचा परिणाम मोठा आहे. निवृत्त खेळाडूंपैकी माध्यमांत येणारे बहुतेक जण समालोचनाकडेच वळतात. बॉब युकर याची कारकीर्द सहा मोसमांची, फलंदाजीची सरासरी बरोबर .२००, म्हणजे पाच प्रयत्नांत एक यशस्वी फटका, यथातथाच. पण १९७१ पासून पन्नासहून जास्त वर्षं तो मिलवॉकी ब्रूअर्सचा आवाज होता. टिम मॅककार्व्हर, टोनी क्यूबेक हेही खेळाडूचे समालोचक झाले. यांच्यासाठी फोर्ड फ्रिक पुरस्कार आहे, आणि तो तिघांनाही मिळाला. हॉलच्या मतदानात मात्र या वाटेने आलेल्या माजी खेळाडूला स्थान नाही.

अट पुरी करूनही काहींना मत देता आलेलं नाही, कारण न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट आपल्या वार्ताहरांना मतदान करू देत नसत. त्यांचं म्हणणं असं की ज्याची बातमी द्यायची त्याचा निकाल आपणच लावू नये. या मुद्द्याकडे पुढे येऊच.

पूर्वी एकदा मत मिळालं की ते जन्मभर टिकायचं. वीस वर्षांत मैदानाचं तोंड न पाहिलेले सदस्यही मत पाठवायचे. २०१५ मध्ये संग्रहालयाने नियम बदलला: काम सोडून दहा वर्षं झाली की मत संपलं. २०१५ मध्ये ५४९ मतपत्रिका आल्या होत्या, २०१६ मध्ये ४४०. एका झटक्यात शंभरावर मतदार गळाले.

मतपत्रिकेचं गणित

खेळाडू मेजर लीगमध्ये किमान दहा मोसम खेळलेला असावा आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली असावीत. मग संघटनेच्या सहा जणांची छाननी समिती बसते. सहापैकी दोघांनी होकार दिला की नाव यादीत जातं. मतपत्रिका नोव्हेंबरअखेरीस निघतात, ३१ डिसेंबरपर्यंत परत टाकायच्या असतात. प्रत्येकाने जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची. बाहेरचं नाव हाताने लिहिलेलं चालत नाही.

निवडीला ७५ टक्के लागतात. दहावीच्या निकालात ७५ टक्क्यांना जशी विशेष प्रावीण्याची रेघ, तशी ही. फक्त इथे त्या रेघेच्या खाली नुसतं 'पास' असं काही नाही. ७४.९ आणि ३० यांचा त्या वर्षापुरता अर्थ एकच. ७५ च्या खाली पण ५ टक्क्यांच्या वर राहिलात तर पुढच्या वर्षी पुन्हा नाव येतं, असं एकूण दहा वेळा. २०१४ पर्यंत पंधरा संधी मिळायच्या. ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर पहिल्या वर्षीही या यादीतून कायमचे बाहेर.

हे आकडे माणसाला कुठे चावतात ते पाहा. २०२४ मध्ये ३८५ मतपत्रिका आल्या, म्हणजे निवडीला २८९ मतं हवी होती. गोलंदाज बिली वॅगनरला २८४ पडली. पाच कमी. त्याच्याकडे शेवटची एक संधी उरली होती. २०२५ मध्ये, दहाव्या वर्षी, तो ८२.५ टक्क्यांनी निवडून आला. क्रेग बिजिओ २०१४ मध्ये दोन मतांनी हुकला. उलट बाजूला केनी लॉफ्टन: सहा वेळा ऑल स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा सामना) संघात, चपळ मधला क्षेत्ररक्षक, २०१३ मध्ये ३.२ टक्के मिळाले आणि पहिल्याच फेरीत खेळ खलास.

कोरी मतपत्रिका हा आणखी एक बारकावा. सही करून कोरी पाठवली तरी ती एकूण मतांत धरली जाते, म्हणजे ती यादीतल्या प्रत्येकाच्या विरोधातलं मत ठरते. २०२१ मध्ये ४०१ पैकी १४ कोऱ्या होत्या आणि कोणीच निवडून आलं नाही. सर्वांत पुढे असलेल्या कर्ट शिलिंगला २८५ मतं होती, १६ कमी. कोऱ्या वगळून हिशेब केला तरी तो ७३.६ टक्क्यांवरच थांबतो, त्यामुळे त्या वर्षीचा दोष कोऱ्या मतपत्रिकांवर टाकणं बरोबर नाही.

मग तो एक मतदार वेडा होता का?

इचिरोला वगळणारा तो पुढे आला नाही, त्यामुळे त्याचं कारण ठाऊक नाही. पण एकमताची अपेक्षाच नवी आहे. बेब रूथला १९३६ मध्ये २२६ पैकी २१५ मतं होती. अकरा जणांनी चक्क बेब रूथला वगळलं. विली मेजला १९७९ मध्ये २३ जणांनी, हँक आरोनला १९८२ मध्ये ९ जणांनी. डेरेक जीटरचं एकमत २०२० मध्ये एका मताने हुकलं. आजवर पूर्ण मतं पडलेला खेळाडू एकच: मारिआनो रिवेरा, २०१९, ४२५ पैकी ४२५.

अशा वगळण्याची दोन कारणं दिसतात. पूर्वी काहींचा नेमच होता की पहिल्या वर्षी कोणालाच मत द्यायचं नाही. दुसरं कारण दहाच्या मर्यादेतून येतं. यादीत पात्र नावं बारा-तेरा असतील तर काही मतदार हमखास निवडून येणाऱ्याला सोडतात आणि ते मत ५ टक्क्यांच्या उंबरठ्यावर लटकलेल्या एखाद्याला देतात. यात द्वेष नाही, हिशेब आहे. तरी इचिरोसारख्या माणसाचं नाव गाळलं असेल तर निदान चार ओळी लिहून कारण द्यावं. अमेरिकेत ३०८९ हिट्स आणि २००४ मध्ये एका मोसमात २६२ हिट्सचा विक्रम करणाऱ्याला तेवढं देणं लागतंच. (हिट म्हणजे फटका मारून सुखरूप पहिल्या तळावर किंवा पुढे पोचणं.) संघटनेने २०१६ मध्ये सगळ्या मतपत्रिका जाहीर करायचा ठराव ८० विरुद्ध ९ असा मंजूर केला होता. संग्रहालयाने तो फेटाळला.

खेळ संपलेला, मग टक्के का चढतात?

लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता, २०२० मध्ये शेवटच्या संधीत ७६.६ वर. जोन्सची चढण वर सांगितलीच. तीन गोष्टी एकत्र घडल्या.

पहिली, गर्दी ओसरली. २०१३ मध्ये एकही निवडून आला नाही, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत यादी तुंबली आणि दहा जागांत सगळे मावेनात. नंतर भराभर निवडी झाल्या, जागा मोकळ्या झाल्या.

दुसरी, मतदार बदलले. २०१५ च्या छाटणीत जुने गेले, दहा वर्षं पुरी केलेले नवे आले. तिसरी त्यांच्याबरोबरच आली: मोजमापाची नवी साधनं. वॉकरची शिखरावरची वर्षं डेन्व्हरमध्ये गेली. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचावर, हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. जुन्या मतदारांनी 'तिथे कोणीही मारेल' म्हणून सरसकट सूट कापली. नव्यांनी मैदानाचा परिणाम नेमका किती हे मोजून वजा केला, आणि उरलेलं तरीही भरपूर निघालं. जोन्सचं उलटं. त्याची .२५४ ही सरासरी नजरेत भरत नव्हती, तिशीनंतर त्याचा खेळ झपाट्याने उतरला होता. पण मधल्या मैदानात त्याने अडवलेल्या धावांचा हिशेब मांडता येऊ लागला तसं १० गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) आणि ४३४ होमरन (एकाच फटक्यात सगळे तळ फिरून धाव) यांचं वजन पुन्हा जोखलं गेलं.

तेव्हा दर जानेवारीचा निकाल वाचताना खेळाडूच्या आकड्यांबरोबर मतदारयादीही वाचावी. फलकावर नाव एकाचं कोरलं जातं, पण ते कुठल्या वर्षी कोरलं जाईल हे बरंचसं यादी ठरवते.

उत्तेजकं घेणाऱ्यांचं आणि फसवणाऱ्यांचं काय?

नियमात लिहिलंय की मत देताना खेळाडूची कामगिरी आणि कौशल्य यांबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचं योगदान बघावं. बस. किती बघावं, कुठे रेघ मारावी, काही नाही.

बॅरी बॉन्ड्सच्या नावावर ७६२ होमरनचा विक्रम, रॉजर क्लेमेन्सकडे सर्वोत्तम गोलंदाजाचे सात साय यंग पुरस्कार. उत्तेजकांच्या आरोपांच्या सावलीत दोघं दहा वर्षं यादीत राहिले आणि २०२२ मध्ये ६६.० आणि ६५.२ टक्क्यांवर संपले. लीगची शिक्षेसकट चाचणी २००४ मध्ये सुरू झाली, तोवर ना लीगने हात घातला ना संघमालकांनी. निवाडा आयता पत्रकारांच्या गळ्यात पडला. २०१७ मध्ये संग्रहालयाचे उपाध्यक्ष आणि स्वतः हॉलमधले खेळाडू जो मॉर्गन यांनी मतदारांना पत्र लिहून अशांना आत घेऊ नका अशी विनंती केली. विनंती करण्यापेक्षा नियम करायला हवा होता. नियम न करता सदसद्विवेकाचं ओझं चारशे लोकांवर टाकलं की चारशे वेगळ्या रेघा पडणारच.

बेल्ट्रानचं प्रकरण त्यातलंच. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने २०१७ मध्ये कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा (कुठला चेंडू टाकायचा याच्या) चोरल्या. लीगच्या अहवालात नाव घेतलेला एकमेव खेळाडू तो होता, आणि न्यूयॉर्क मेट्स या संघाचं व्यवस्थापकपद त्याने एकही सामना न होता गमावलं. पहिल्या वर्षी ४६.५ टक्के, चौथ्या वर्षी ८४.२. मतदारांनी शिक्षा दिली, पण मुदतीची.

बातमी देणाऱ्याने निकाल लावावा का?

आक्षेपांमधला सर्वांत भक्कम हा. हॉलमध्ये निवड झाली की पैसे मिळत नाहीत, पण सह्यांचे आणि कार्यक्रमांचे भाव वाढतात. वार्षिक पुरस्कारांत तर पैसा सरळ आहे. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, साय यंग, सर्वोत्तम नवोदित, हेही संघटनेचेच सदस्य ठरवतात, प्रत्येक लीगसाठी ३० मतदार. २०२२ च्या करारापासून ज्यांची कारकीर्द नवी आणि पगार किमान पातळीवर आहे अशांसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा निधी वाटला जातो. त्यात सर्वोत्तम खेळाडू किंवा साय यंग ठरलेल्याला २५ लाख, दुसऱ्याला साडेसतरा लाख. नवोदितांत पहिल्या दोघांत आलात तर पूर्ण वर्षाची सेवा धरली जाते, म्हणजे मोठ्या पगाराचा दिवस जवळ येतो. ज्याच्या खोलीत रोज प्रश्न विचारायला जायचं त्याच्या खिशात आपल्या मताने लाखो डॉलर जाणार किंवा जाणार नाहीत. शिलिंगच्या २००८ च्या करारात तर साय यंगचं एक मत जरी पडलं तरी १० लाख डॉलर अशी अट होती. दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळलाच नाही. या पुरस्कारांचं मतदान पत्रकारांकडून काढून घ्यावं किंवा पैशाचा संबंध तोडावा. हॉलचं प्रकरण वेगळं, कारण तिथे खेळाडू निवृत्त आणि मतदार शेकड्यांनी असतात.

मतदारयादीत कोण होतं, हा प्रश्नही टाळता येत नाही. वेंडेल स्मिथ हा 'पिट्सबर्ग कुरिअर'चा कृष्णवर्णीय वार्ताहर. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगची वर्णभिंत मोडली तेव्हा तो त्याच्यासोबत फिरत होता, तरी प्रेस बॉक्स त्याला बंद होता. टाइपरायटर मांडीवर घेऊन तो प्रेक्षकांत बसून लिहायचा. सॅम लेसी आणि स्मिथ यांना संघटनेचं सदस्यत्व मिळालं ते १९४८ मध्ये. १९८४ मध्ये क्लेअर स्मिथ या पत्रकार स्त्रीला सॅन दिएगो पाद्रेज संघाच्या खोलीतून बाहेर काढलं गेलं; स्टीव्ह गार्वी हा खेळाडू स्वतः बाहेर येऊन तिच्याशी बोलला. २०१७ मध्ये संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तो पुरस्कार जे. जी. टेलर स्पिंक या संपादकाच्या नावे होता. संघांत कृष्णवर्णीयांना घेण्याला त्याने केलेला विरोध लक्षात घेऊन २०२१ मध्ये ते नाव काढलं.

मग खेळाडूंनाच मतं द्या की

देऊन पाहिली आहेत. मुदत संपलेल्यांसाठी जी ज्येष्ठांची समिती असे, तिच्यात साठच्या दशकाच्या शेवटापासून फ्रँकी फ्रिश या माजी खेळाडूचा दबदबा होता. जेस हेन्स, चिक हेफी, जॉर्ज केली असे त्याचे जुने सोबती एकामागून एक आत आले. आजही हॉलमधल्या सर्वांत दुबळ्या निवडी म्हणून यांचीच नावं घेतली जातात. पुढे उलटं टोक गाठलं. हयात असलेल्या सगळ्या हॉल ऑफ फेमर्सना मत दिलं, तर २००३, २००५ आणि २००७ या तिन्ही वेळा त्यांनी एकालाही घेतलं नाही. ओळखीचा असेल तर दार सताड उघडं, नसेल तर कडी.

आता सोळा जणांच्या समित्या आहेत: हॉलमधले खेळाडू, संघांचे अधिकारी, आणि काही ज्येष्ठ पत्रकार व इतिहासकार. बारा मतं लागतात. पत्रकारांच्या मतदानात ४६.५ टक्क्यांवर मुदत संपलेला जेफ केंट डिसेंबर २०२५ मध्ये अशाच समितीतून १४ मतांनी आत आला.

पुढची मोठी परीक्षा डिसेंबर २०२७ मध्ये आहे. सर्वाधिक ४२५६ हिट्सचा मानकरी पीट रोझ याला सट्ट्यावरून १९८९ मध्ये हद्दपार केलं गेलं, आणि १९९१ मध्ये संग्रहालयाने नियमच केला की हद्दपार खेळाडू यादीत येणार नाही. त्यामुळे पत्रकारांच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव कधी छापलंच गेलं नाही. तो सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. मे २०२५ मध्ये लीगने ठरवलं की मृत्यूबरोबर हद्दपारी संपते. आता नाव पुढे आलं तर ते चारशे पत्रकारांकडे नाही, सोळा जणांच्या खोलीत जाईल. तिथे पत्रकार अल्पमतात असतील आणि टेबलापाशी बसलेल्यांत रोझच्या काळात खेळलेलेही असू शकतील.